घरच्या समुद्राला नारळ

मुक्काम मुरूड, जंजिरा संस्थान
बुधवार, ता. २९ ऑगस्ट १९३४

चि. रामचंद्र यास केसरताईचे अनेक आशीर्वाद.

शुक्रवार, ता. २४ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा, संध्याकाळी साडेपाच वाजता तू माझा समुद्र फोडलास. तारीख आणि वेळ आधीच लिहून टाकते, कारण तू ठाण्याच्या कोर्टात शिरस्तेदारी केलेली आहेस आणि कागदाच्या डोक्यावर तारीख-वेळ नसली की काही घडलं आहे असं तुला वाटतच नाही. आता रीतीप्रमाणे खुशाली विचारते. प्रवासात भिजला नाहीस ना? गुडघा कसा आहे? साळावला खाडीच्या तरीत चढताना तो नक्की दुखला असेल. मला त्याचं वाईट वाटलं असतं, पण न सांगता गेलेल्या माणसाच्या गुडघ्याचं वाईट वाटून घेण्याची पद्धत आमच्या शाळेत नव्हती. माझी प्रकृती उत्तम आहे. कंबर तेवढी धरली आहे, त्याचा तुझ्याशी काही संबंध नाही. (संबंध आहे. पुढे येईल.)

हे पत्र तू नेहमीप्रमाणे आरामखुर्चीत डोळे मिटून पडून सूनबाईकडून वाचून घेशील, हे मला ठाऊक आहे. तेव्हा चि. कमळ, तुलाही आशीर्वाद. तू बडोद्याला वाढलेली, तुला निवटी म्हणजे काय ते माहीत नसणार आणि तुझ्या सासऱ्यानं घरी जाऊन जी हकीकत सांगितली असेल ती त्याच्याच बाजूची असणार, म्हणून थोडं तुझ्यासाठी लिहिते. निवटी हा मासा आहे, पण तिला ते फारसं मान्य नाही. ती खाडीच्या चिखलात राहते. ओहोटी लागली की शहाणे मासे पाण्याबरोबर निघून जातात. ही चिखलावर मागे राहते आणि पुढच्या दोन परांवर कोपरं टेकून, पेन्शनर गृहस्थ ओट्यावर बसतात तशी बसते. लांबीला वीतभर, रंगानं चिखलासारखी, डोळे थेट माथ्यावर. ते डोळे ती मधूनमधून आत ओढून घेते, ओले करते आणि पुन्हा बाहेर काढते. गालांत पाण्याची चूळ धरून ठेवते, तेवढ्यावर कोरड्यात हिंडून येते. आपल्या लोकांत तिचं कालवण करतात आणि ते फार चांगलं होतं, हे मी नाकारत नाही. पण एकदा संध्याकाळी खाडीवर फिरायला गेले असता एक निवटी भोकातून अर्धी बाहेर येऊन माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू अभ्यास केलेला नाही, पण वाद घालण्याची पूर्ण तयारी आहे. मास्तरिणीच्या साऱ्या नोकरीत मला अशाच मुली आवडल्या. दुसऱ्या दिवशी मी मनुबाईला पाच निवट्या जिवंत आणायला सांगितल्या.

मनुबाई म्हणजे आमच्याकडे मासळी घेऊन येणारी कोळीण. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात तेव्हा ती माझ्याकडे पाणी भरते, भांडी घासते आणि मला अक्कल शिकवते. ती म्हणाली, "बाय, ही खावाची मासली, पोसाची न्हाय. पोसाचंच हाय तं मांजर पोस, हाक मारली तं येते तरी." मी शिकले त्या कॉन्व्हेंटच्या बैठकीत काचेच्या गोलात लाल मासे होते, ते दिवसभर गोल फिरत आणि वर्षअखेरीपर्यंत काही शिकत नसत. मला तसले मासे नको होते. पेटीचा प्रश्न शेजारच्या शहरबानूच्या मुलानं सोडवला. त्याच्या, म्हणजे इसहाकच्या, दुकानात खारी बिस्किटं ठेवायची काचेची लांब पेटी होती, तिचं झाकण गेलं होतं. सांधे बंद करायला होड्यांना राळ लावणारा धर्मा आणला. त्यानं पेटीभोवती दोनदा फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "बाई, भायेरचं पाणी आत येव नये म्हणून राळ लावतो आमी. आतलं भायेर जाव नये म्हणून लावाला तुमीच पयलं सांगितलंत." लावली मात्र इतकी चांगली की पेटीला गलबताचा वास येऊ लागला. एका बाजूला खाडीचा चिखल उतरता रचला, दुसऱ्या बाजूला खारं पाणी, आणि माझ्या पडवीत समुद्र सुरू झाला. निवट्यांना नावं दिली ती माझ्या शिक्षिकांची. सगळ्यांत जाडी आणि सर्वांच्या अंगावर धावून जाणारी ती मदर क्लोटिल्ड; कायम भोकात बसून नुसते डोळे दाखवणारी सिस्टर उर्सुला; दोघी लहान, त्या बोर्डिंगच्या मुली; आणि पाचवा नर, पाठीवरचा पर टोपीसारखा उभा करून सर्वांपुढे उड्या मारणारा, तो बिशप.

आता समुद्र म्हटला की भरती-ओहोटी आली. साचलेल्या पाण्यात निवटी जगत नाही आणि नुसत्या चिखलात वाळून जाते. तिला दिवसातून दोनदा पाणी चढायला हवं आणि दोनदा उतरायला हवं. मी एकटीनं महिनाभर ते केलं. मग आषाढात तू आठ दिवसांसाठी म्हणून आलास आणि (कमळ, हे वाक्य मोठ्यानं वाच) राहिलास. पहिल्या दिवशी तू पेटीकडे बघून विचारलंस, "ताई, यांना मसाला कधी लावणार?" दुसऱ्या दिवशी विचारलंस, यांच्या पाण्याची व्यवस्था काय. तिसऱ्या दिवसापासून भरतीचं खातं तुझ्याकडे आणि ओहोटीचं माझ्याकडे. तू पंचांग काढून तिथीची पाऊणपट करायचास, त्यावरून भरतीची वेळ ठरवायचास, किनाऱ्यावरून मातीच्या घागरी भरून आणायचास आणि चिखल ढवळू नये म्हणून पाणी झारीनं, काठाकाठानं सोडायचास. मी माझ्या वेळेला तळाचं बूच काढून पाणी टोपात उतरवून घ्यायची. ज्या माणसानं आयुष्यात स्वतःच्या हातानं पाण्याचा तांब्या भरून घेतला नाही, तो पावसात किनाऱ्यावर जाऊन घागरी वाहत होता आणि फावल्या वेळात बिशपसाठी माशा मारत होता. भरती तू चांगली दिलीस. हे मी लिहून देते, कारण न्याय म्हणजे न्याय. सरकारी खातं कधी इतकं वक्तशीर चाललं असेल असं मला वाटत नाही.

पण श्रावण लागला आणि तुझी नजर बदलली. मासळी बंद. (आपल्या घराण्यात श्रावण पाळतात तो केवळ भाद्रपदाची चव वाढावी म्हणून, हे माझं मत आई असतानाही होतं.) तू भरती देता देता थांबायचास, मदर क्लोटिल्डकडे बघून म्हणायचास की आई अशांना आधी राखेनं चोळायची. मी पेटीवर कापड घालू लागले. आणि ज्या माणसाचं पोट श्रावणात असं मोकळं असतं, त्याच्या डोक्यात धर्म शिरतो. पौर्णिमेला दुपारी तू लाल पगडी, उपरणं, कोट असा पोशाख करून कोळ्यांबरोबर किनाऱ्यावर गेलास. वाजतगाजत नारळ समुद्राला गेला, दर्या शांत झाला म्हणतात. तिथेच तू आणखी एक नारळ घेतलास, त्याला सोनेरी बेगड लावून घेतलीस, आणि पायांना वाळू तशीच, पडवीत आलास.

पुढचं मी शब्दाला शब्द लिहिते, कारण तुझ्या हकिकतीत ते वगळलेलं असणार. तू पगडी काढून स्टुलावर ठेवलीस आणि म्हणालास, "ताई, ज्या घरी समुद्र आहे त्या घरी आज नारळ पडलाच पाहिजे. दर्याचा मान आहे तो." मी म्हटलं, माझ्या समुद्राचा मान मी बघीन, तू आधी पाय धू. तू म्हणालास, नारळ घरातल्या कर्त्या पुरुषाच्या हातूनच पडावा लागतो. रामचंद्र, हे घर मी पेन्शनीत निघताना स्वतः बांधलं. आतला चिखल माझा, पेटी माझी, राळसुद्धा माझी. तू इथे पाहुणा आहेस, आणि भरतीखात्याकडे असलास तरी त्या खात्याचा कारकून आहेस. कर्ता पुरुष कोण, याचा विचार मी करत होते तेवढ्यात तू दोन पावलं मागे सरून, हात जोडून, किनाऱ्यावर सोडतात तसाच नारळ सोडून दिलास.

आता तुझा मुख्य अपराध ऐक. नारळ वाहिलास हा नव्हे. दर्याची भीती मलाही आहे. दोन-चार शब्द पुटपुटून, हलक्या हातानं पाण्यावर ठेवला असतास तर मी काही बोलले नसते. पण वेळ कोणती होती? पौर्णिमेची भरती दुपारची. साडेपाचला ओहोटी तळाला गेलेली. बूच मी नियमाप्रमाणे काढलेलं, पेटीत चार बोटं पाणी आणि बाकी चिखल. भरतीच्या माणसाला हे कळू नये? मुरूडचा समुद्र ओहोटीला दूर गेला तरी तिथे समुद्रच असतो. माझा समुद्र ओहोटीला गेला म्हणजे पाठीमागे खारी बिस्किटांची काच उरते. नारळ पाण्यावर पडला नाही, चिखलावर पडला नाही, थेट समोरच्या काचेला लागला. काच आधी नुसती तडकली. आपण दोघं तिच्याकडे बघत राहिलो, जणू आपण बघतोय म्हणून ती धरून राहील. मग ती बसली, आणि खाडी पडवीभर झाली. नारळाचा साधा टवकाही उडाला नाही. (मनुबाईनं त्याच्या वड्या केल्या. चांगल्या झाल्या. तुला पाठवणार नाही.)

दुसरा कुठलाही मासा असता तर जागच्या जागी तडफडला असता. पण निवट्यांना कोरडी जमीन काही नवी नाही. त्यांनी डोळे आत घेतले, बाहेर काढले, आणि चालू लागल्या. मदर क्लोटिल्ड सरळ माजघराकडे निघाली, जणू स्वैपाकाची तपासणी करायला. बोर्डिंगच्या मुली जोडीनं पायऱ्या उतरल्या. तू उपरणं पसरून त्यांच्यावर पडलास आणि गुडघ्याला धरून तिथेच बसलास. मनुबाई पदर खोचून आली आणि तिनं मदरला सुपात धरली. पिढ्यान् पिढ्यांच्या सवयीनं ती तशीच चुलीकडे वळली, तिला मी आडवी गेले. उर्सुला दिसेना. तेवढ्यात कुंपणापलीकडून शहरबानूचा आवाज आला, अगदी शांत: "केसरबाई, तुमची एक मेहमान आमच्या उंबऱ्यावर बसलीय. सलाम केला, जवाब देत नाय. आत घेऊ का परत पाठवू?" जन्मभर भोकात बसलेली बाई, आणि बाहेर पडली ती थेट शेजाऱ्यांकडे.

राहिला बिशप. तो स्टुलाचा पाय चढून तुझ्या लाल पगडीवर जाऊन बसला होता. कोपरं टेकलेली, पर उभारलेला, डोळे चारी दिशांना. मनुबाई म्हणाली, "बाय, बग, सायब कोर्टात बसला." आणि मी जे म्हणाले ते म्हणाले. तू गेलास तो ज्या वाक्यामुळे, ते इथे पुन्हा लिहिते, कारण लेखी स्वरूपात ते तितकंसं वाईट दिसत नाही. मी म्हणाले की, त्या पगडीखाली इतकी वर्षं डोकं होतं, पण डोळे उघडे ठेवून बसलेलं आज पहिल्यांदाच कुणीतरी तिच्यावर दिसतंय. हे निरीक्षण होतं. तुझ्या नोकरीवर मी टीका केली नाही. दुपारी जेवण झाल्यावर कोर्टात तुला डुलकी लागायची हे ठाण्यातले वकील सांगत, मी नाही. शहरबानू हसली ती कुंपणापलीकडे हसली. माणसाला आपल्या अंगणात हसण्याची मोकळीक असते. जेवताना नारळीभात पानात टाकलास. सकाळी मी उठले तर खोलीत अंथरुणाची घडी, आणि तू सर्व्हिस मोटारीनं साळावला गेल्याचं इसहाकनं सांगितलं. पगडी इथेच.

आता सद्यस्थिती. पाचही निवट्या परसातल्या दगडी डोणीत आहेत, वर नारळाच्या झापांचं छप्पर केलं आहे, कारण पावसाचं गोडं पाणी त्यांना सोसत नाही. पण पौर्णिमा झाली तशा होड्या दर्यात गेल्या आणि मनुबाई पुन्हा बाजारात बसू लागली. ती आता घागरी भरायला येणार नाही. मी दोन दिवस स्वतः पाणी आणलं. दुसऱ्या दिवशी डोणीजवळ वाकले ती सरळ झालेच नाही. शहरबानूनं येऊन उभं केलं. कंबरेचा तुझ्याशी संबंध आहे म्हणाले होते, तो हा. तेव्हापासून डोणीत पाणी चढलेलं नाही. वरचा चिखल भेगाळला आहे. मुली खाली जाऊन बसल्यात. बिशप पांढुरका पडला आहे आणि पर उभारत नाही. मदर क्लोटिल्ड आता कुणाच्या अंगावर धावत नाही. हे चांगलं लक्षण आहे असं तुला वाटेल, पण मी तिला ओळखते.

तेव्हा मी तुला जबाबदार धरते आणि पुढील गोष्टी मागते. एक तर काचेची भरपाई म्हणून मुंबईहून त्याच मापाची जाड काच, गोणपाटात बांधून. शिवाय, कर्ता पुरुष हे शब्द मागे घेतल्याचं स्पष्ट लेखी. आणि ओहोटीच्या वेळी नारळ टाकलास याची कबुली, कारणांसह. धर्माचं कारण चालणार नाही. उत्तर तुझ्या स्वतःच्या अक्षरात हवं, कमळच्या नव्हे. ते पिठोरी अमावास्या, शनिवार ता. ८ सप्टेंबर, या दिवसाच्या आत माझ्या हाती पोचलं पाहिजे. न पोचल्यास मी पुढे काय करीन ते लिहीत नाही, म्हणजे तुला विचार करायला काहीतरी राहील.

कळावे. लोभ आहे तेवढाच ठेवावा.

तुझी थोरली बहीण,
केसर

ता. क. काच आणू नकोस. इसहाकनं दुकानातली दुसरी पेटी दिली, पहिलीपेक्षा लांब. तो म्हणतो, त्या पेटीत बिस्किटं मऊच पडायची. धर्मा उद्या राळ लावायला येतो आहे.

ता. क. कर्ता पुरुष या शब्दांबद्दल शहरबानूशी बोलले. ती म्हणाली, पुरुषाला नारळ टाकू द्यावा, तेवढ्यानं त्याचा दिवस जातो. मी हे मत स्वीकारलेलं नाही, पण तो मुद्दा सध्या बाजूला ठेवते. पगडी धुऊन, वाळवून, तपेलीवर आकार देऊन खोक्यात ठेवली आहे. पार्सलनं पाठवणार नाही, दबेल.

ता. क. कमळ, इथून पुढे वाचू नकोस, कागद त्याच्या हातात दे आणि त्याला चष्मा शोधून दे.

रामचंद्र, मनुबाई म्हणते, अमावास्येच्या उधाणाला यांना खाडीत सोडून ये, तिथे दर्या आपण होऊन पाणी देतो, शिरस्तेदार लागत नाही. तिचं बरोबर आहे. शनिवारपर्यंत इथे कुणी भरती द्यायला नसेल तर मी टोपली घेऊन जाईन आणि सोडून येईन. तोवर इसहाक दिवसाला एक घागर आणून टाकीन म्हणाला आहे, तेवढ्यावर त्या जेमतेम तगतील; मरू मी देणार नाही. नंतर पडवी पुन्हा पडवी होईल, सुपाऱ्या वाळवायला बरी. पण तुला विचारल्याशिवाय सोडल्या असं व्हायला नको, कारण निम्मं खातं तुझ्याकडे होतं आणि त्या खात्याचा राजीनामा माझ्याकडे आलेला नाही. बाकी, ते पगडीचं वाक्य मी तुझ्यासमोर पुन्हा म्हणणार नाही. शहरबानूसमोर म्हणेन.

लेखी उत्तर टपालानं पाठवू नकोस. या दिवसांत तरीवर टपालाच्या थैल्या भिजतात आणि मला शाई पसरलेला कागद चालत नाही. कोटाच्या आतल्या खिशात घालून स्वतः घेऊन ये. शनिवारची भरती दुपारी बाराच्या सुमारास आहे, आणि त्याआधी घागरी भरायला किती वेळ लागतो हे तुला सांगायला नको.